उसन्या आवाजाचा माणूस

अनोळखी माणसाने दुकानात शिरून, हिंदीत, हळू आवाजात, "तुम्हारे घर में कौन कौन है?" असं विचारलं तर तुम्ही काय कराल? मी सगळं सांगून टाकलं होतं. नवरा गॅरेजवर असतो, सासू घरी असते, दोन मुली शाळेत जातात, धाकटी साडेबाराला सुटते. एका दमात बोलले आणि मग कळलं की आपण काय करून बसलो. समोरच्या माणसाने दोन्ही पंजे माझ्या टेबलावर ठेवले होते. एप्रिल महिन्यात डोक्याला माकडटोपी, पायात पांढरे बूट, आणि डोळे असे की पापणी मिटायचं नाव नाही. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. फोन हाताशी होता, पण हात तिकडे जाईना.

मग तो माणूस मागे सरकला. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि वऱ्हाडीत म्हणाला, "बराबर हाय डायलॉग. काम करते. याच्या दोन प्रती काढून दे बाई, अक्षर मोठं पाह्यजे."

तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. दुपारी टीव्हीवर साउथचे सिनेमे लागतात ना हिंदीत करून, त्यात मुख्य खलनायकाच्या डाव्या हाताला एक जण उभा असतो. मालकाने मान हलवली की पुढे होतो आणि पोरीला केसाला धरून ओढतो. तो हाच. तो दिसला की माझी धाकटी उशी तोंडावर घ्यायची. मी त्यांना दोन प्रती काढून दिल्या आणि त्या दिवशी शटर दुपारीच ओढून घरी गेले.

पांढरकवड्याला तहसीलसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. आमच्या घरी हिंदी बोलतात, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, आणि अर्जात तुमची ही शुद्ध मराठी. पंधरा वर्षं अर्ज लिहून लिहून माझा हात शुद्ध झालाय, तोंड नाही. हे आधीच सांगते, म्हणजे मी लिहितेय ते कोणाकडून लिहून घेतलं असं वाटायला नको. आणि हे मी कोणाकडून लिहून घेणारही नव्हते. माझी चूक आहे, मीच टाईप करणार.

त्यांना मी काका म्हणायचे. काका मूळचे केळापूरकडच्या तांड्यावरचे. जवान असताना कापसाचा ट्रक घेऊन तिकडे तेलुगू मुलखात जायचे. एकदा सिनेमावाल्यांना नाल्यात उलटवायला ट्रक पाहिजे होता. ट्रक काकांच्या मालकाचा. काका चालवत होते. डायरेक्टरने ट्रक बघायच्या ऐवजी यांचे डोळे बघितले. "गाडी द्याले गेलतो, त्याईनं थोबाडच ठेवून घेतलं," असं ते सांगायचे. त्यानंतर तीस वर्षं ते तेलुगू, तमिळ, कन्नड, हिंदी आणि थोडं मराठी सिनेमात मार खात आणि मरत राहिले. प्रत्येक भाषेतलं मरण वेगळं असतं म्हणायचे. तेलुगूत मरायला फार वेळ लागतो, हवेत दोन वेळा फिरावं लागतं. तमिळमध्ये चिखल असतोच. कन्नडमध्ये एकदा पुलावरून टाकलं तर खालची गादी सरकवायला विसरले होते. हिंदीत हिरो यायच्या आधीच दुसरंच कोणी मारून जातं. "अन् मराठीत?" मी विचारलं. "मराठीत मारत नाईत. पोलीस येते अन् समजावून घेऊन जाते."

वय झाल्यावर ते तांड्याबाहेर रस्त्यालगत छोटं घर बांधून राहिले. काकी आणि ते. घरात काकींशी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची. कुत्र्याला तेलुगूत हाकलायचे, ऑटोवाल्याशी हिंदीत भांडायचे, डॉक्टरसमोर मराठीत कण्हायचे. उकाडा फार झाला की कन्नडमध्ये वैतागायचे. तमिळ कोणासाठी राखून ठेवली होती देव जाणे, माझ्या कानावर ती कधी आली नाही. आदिलाबादच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे आणि याचं त्यांना भारी सुख. खिडकीची जागा कायम मोकळी मिळते म्हणायचे.

छोटीमोठी कामं अजून यायची. तिकडून कोणीतरी सहायक फोनवर वाक्य बोलून पाठवायचा. काका ते दहा वेळा ऐकायचे, माझ्यासमोर सावकाश म्हणायचे आणि मी देवनागरीत टाईप करायचे, एकेक अक्षर बोराएवढं. अर्थ ना मला माहीत ना बऱ्याचदा त्यांना. मग ते कागद घरात, गोठ्यात, न्हाणीच्या दारावर चिकटवायचे आठ दिवस, आणि पाठ झालं की गावात निघायचे.

हे गावात निघणं म्हणजे मोठं संकट होतं. त्यांचा नियम असा की ज्याच्यावर डायलॉग करून बघायचा त्याला आधी सांगायचं नाही. "सांगतलं की भीती खोटी येते," म्हणायचे. न्हाव्याच्या खुर्चीत बसून, वस्तरा गळ्याशी असताना, त्याच न्हाव्याला धमकी देऊन बघायचे. त्याचा हात थरथरला की खूश. दाताच्या डॉक्टरवर केलं. गॅसच्या दुकानातल्या माणसावर केलं तर तो बिचारा ठाण्यात जाऊन आला. हवालदार आला, त्याला काकांनी चहा पाजला आणि जाताना त्याच्यावरही करून बघितलं. शेवटी असं झालं की बाजारात काका काहीही बोलले तरी लोक हसून "मस्त हाय" म्हणायचे आणि पुढे जायचे. एकदा त्यांना खरंच विंचू चावला होता तर पानटपरीवाला म्हणाला, "काका, थोडा अजून जोर पाह्यजे." ही गोष्ट ते स्वतःच हसत सांगायचे. मीही हसले होते. आता वाटतं, तेव्हाच कोणीतरी भ्यायला पाहिजे होतं.

एकदा माझं डोकं फिरलेलं होतं. लाईट गेलेली, सर्व्हर बंद, दारात अर्जवाल्यांची रांग, आणि काका मध्येच घुसून एक तेलुगू ओळ सहाव्यांदा दुरुस्त करायला सांगत होते. मी म्हणाले, "येवढं पाठ करून काय करता काका? पिक्चरात आवाज तर तुमचा नसतेच."

काका जाऊन बाकावर बसले. लाईट आली, रांग संपली, आणि मग त्यांनी सांगितलं. पहिल्या सिनेमात त्यांना चार शब्द होते. डोळे वटारून ते चार शब्द बोलले आणि वर दिवा धरलेला माणूस हसला. मग सगळेच हसले. कारण काकांचा आवाज बारीक, पिपाणीसारखा. हळू बोलले तर अंगावर काटा येईल असा, पण मोठ्याने ओरडले की फाटायचा. त्या दिवसापासून तोंड त्यांचं आणि आवाज दुसऱ्याचा. तीस वर्षांत, पाचही भाषांत, पडद्यावर त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. काकींनीही नाही.

"काई जण तर तिथी नुसती गिनती म्हनते," काका म्हणाले. "एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. मागून कोनी बी काई बी भरते. म्या कधी गिनती नाई म्हनली. जे असन ते पुरं बोललो. आयकनारं कोनी नसलं तरी."

मी पुन्हा तसं बोलले नाही. लाज वाटली मला.

त्यांचा तेलुगूतला आवाज एकाच माणसाचा होता, वर्षानुवर्षं. भारदस्त, खोल. त्या माणसाला काका कधी भेटले नव्हते. एक दिवस सकाळी दुकानात आले ते टोपीशिवाय. डोक्याची हजामत केलेली. मी उठून उभी राहिले, काकींचं काही झालं की काय म्हणून. म्हणाले, "माया तेलगू आवाज मेला." हैदराबादला जाऊन आले होते. त्या माणसाच्या घरात दहाव्या दिवसाचा विधी चालला होता. घरच्यांनी यांना ओळखलं, बसवलं, पाणी दिलं. पण काकांनी दोन शब्द बोलायला तोंड उघडलं तशी त्याची म्हातारी आई रडता रडता थांबली आणि यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, या तोंडातून पोराचा आवाज येईल. आला तो पिपाणीचा. काका म्हणाले, "बुढी अशी भेली ना बेटी. म्या इतक्या लोकाईले भेवडावलं, पन असं कोनी मायाकडं पाह्यलं नोतं." त्या दिवशी त्यांनी टाईप करायला काही आणलं नव्हतं. एवढं सांगायलाच आले होते.

आणि मग मागच्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांना ते काम मिळालं.

नागपूरकडचा एक तरुण डायरेक्टर जंगलालगतच्या गावांवर मालिका करत होता, फोनवर बघतात तसली. त्यात वाघ बघितलेला एक म्हातारा पाहिजे होता. तांड्यावरचा, गोरबोली बोलणारा. वाघाने त्याच्यादेखत माणूस नेलाय आणि तो वनखात्याच्या लोकांना सांगतोय, एवढाच प्रसंग. आणि आवाज जागेवरच घेणार होते. मागून कोणी काही भरणार नव्हतं. काकांनी हे मला तीन वेळा सांगितलं. "माया आवाज, बेटी. माया सोताचा. अन् मायाच बोलीत." त्यांना आनंद झालाय की धडकी भरलीय हे कळत नव्हतं.

अडचण एकच. तीस वर्षं ज्याने लोकांना भेवडावलं त्याला स्वतः भ्यायला येईना. माझ्या दुकानात रोज अकराच्या सुमाराला यायचे, उभे राहायचे आणि घाबरून दाखवायचे. छे. डोळे मोठे करायचे तर मलाच भीती वाटायची, त्यांची नाही. गोरबोली मला कळत नाही, याडी म्हणजे आई एवढंच माहीत. पण भीती कळते. मी म्हणायचे, "खोटं वाटते काका." त्यांच्याच फोनवर आवाज भरून ऐकायचे, तोंड वाकडं करायचे आणि पुसून टाकायचे. एकही ठेवला नाही.

मग ते खरंच वाघ बघितलेल्या माणसाला शोधत फिरले. टिपेश्वरच्या जंगलाकडच्या एका गावात कोलाम जमातीचा एक म्हातारा सापडला. त्याला माझ्या दुकानात घेऊन आले, का, तर मीही ऐकावं. तो बाकावर बसला आणि खाली बघून सांगू लागला. "वरडलो नाई म्या. लोक म्हनते वरडला असशीन. जीभच जड झालती. तोंडातच मोठी झालती. अन् हा हात कोनाचा हाय समजेच नाई. मायाच होता, पन समजे नाई." एवढं बोलून तो उठला. आमच्या भागात वाघाचं असं आहे की बघितलेला माणूस दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. मीही संध्याकाळी घाटंजीच्या रस्त्याने गाडीवर मागे बसते तेव्हा डावीकडच्या झाडांकडे बघत नाही.

काकांना किल्ली मिळाली. दुसऱ्या दिवसापासून जड जिभेचा सराव सुरू. हात लुळा टाकायचे, तोंड एका बाजूला न्यायचे, शब्द अर्धे गिळायचे. घरी मी सहज हसत सांगितलं तर माझी सासू चिडली. "बीमारी की नकल नहीं करते. बोल दे उनको." मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "सांग तुया सासूले, हे बीमारी नाई, वाघ हाय." पण अजून बरोबर होत नव्हतं. मी रोज मान हलवायचे आणि ते रोज थोडे जास्त थकलेले दिसायचे. डायरेक्टरचा फोन आला की दोन दिवसांत एक नमुना पाठवा, आवाज ऐकून ठरवू. दुसऱ्या एका माणसाचंही नाव त्याच्या डोक्यात होतं. हे ऐकल्यावर काकांना जेवण जाईना, असं काकी नंतर म्हणाल्या.

त्या दिवशी अकराला मी माझाच फोन तयार ठेवला होता, नमुना भरायला. काका आले. एका पायात पांढरा बूट आणि दुसऱ्या पायात घरातली चप्पल. टोपी नाही. मला वाटलं, वा, आज कपड्यांसकट आले. त्यांनी माझं टेबल धरलं. तोंड डावीकडे ओढलेलं. बोलायला लागले तशी मी फोनवरचं लाल बटण दाबलं.

माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, मानेपासून पाठीपर्यंत. गोरबोली, जीभ जड, मध्येच शब्द तुटतोय, मध्येच याडी, याडी, आणि डावा हात उजव्या हाताला शोधतोय. डोळ्यांत पाणी. दोन महिने जे येत नव्हतं ते आलं होतं. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठले.

"काका, आत्ता जमलं," मी म्हणाले. "एकदा अजून करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी काय सांगू. मला तेव्हा वाटलं, काय काम करतो हा माणूस. त्यांनी पुन्हा केलं. यावेळी आवाज बारीक झाला होता, शब्दही कमी. मी म्हणाले, "पहिलं जास्त चांगलं होतं," आणि फोन बंद करून ठेवला.

ते बाकावर बसले. भिंतीला टेकून, एका बाजूला कलून. असे ते आधीही बसायचे, भूमिकेत शिरले की तासन् तास, आणि कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. उत्पन्नाच्या दाखल्यांची गर्दी होती. एकाने त्यांना नमस्कार केला तर मीच म्हणाले, "बोलू नका, ते तयारी करून राह्यले." मी लोकांना गप्प बसवत होते. तासभर. घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर आहे, तासभर.

शेवटी दाखल्याला आलेली एक बाई म्हणाली, "बाई, याईच्या तोंडातून लाळ गळून राह्यली."

पुढचं सगळं धावपळीचं. माझ्या नवऱ्याने गिऱ्हाइकाचीच दुरुस्तीला आलेली गाडी काढली. इथल्या दवाखान्यातून यवतमाळला. मी सोबत होते, त्यांचं डोकं धरून. तिथे डॉक्टरांनी विचारलं, "हे किती वाजता सुरू झालं?" त्यांनी ते दोनदा विचारलं, म्हणजे महत्त्वाचं असणार हे मला कळत होतं. मी म्हणाले, "पंधरा-वीस मिनिटांत निघालो आम्ही."

का बोलले? भीतीने. दुसरं कारण शोधून सापडत नाही. खरं सांगितलं असतं तर काही फरक पडला असता का, हे विचारायलाही मी आजपर्यंत कोणा डॉक्टरकडे गेले नाही.

काका वाचले. उजवा हात गेला आणि वाचा गेली. तोंडातून फक्त आ असा एक सूर येतो, लहान-मोठा. डॉक्टर काकींना म्हणाले, त्या बाईंनी लगेच आणलं म्हणून जीव राहिला. डायरेक्टरने महिनाभर वाट बघितली, घरी येऊन गेला, आणि मग त्या दुसऱ्या माणसाला घेतलं. त्याला तरी काय बोलणार.

काकी मला दुवा द्यायला लागल्या. तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन दुकानात यायच्या. "तुमी होत्या म्हनून," म्हणायच्या आणि माझे हात धरायच्या. मी शेंगा घरी न्यायचे, मुलींना उकडून द्यायचे. स्वतः एक दाणा खाल्ला नाही. फोनमध्ये ते भरलेलं तसंच होतं. पुसायला अंगठा न्यायचे आणि परत घ्यायचे. ऐकायची तर छातीच नव्हती. रिकाम्या दुकानात कोणी पाऊल टाकलं की वाटायचं, काकी असतील आणि आज त्यांना कळलं असेल.

एक दिवस त्या आल्या आणि बाकावर बसल्या. पिशवी नव्हती. म्हणाल्या, "घर लय सुनं झालं बाई. दिवसभर बोलनारा मानूस. टीव्हीवर दिसते, पन तो आवाज त्याचा नाई. मायाजवळ त्याचा आवाज कुठीच नाई. तुमच्या दुकानात येवढं बोलत होते, तुमच्या फोनमधी काई असन तर पाह्यता का?"

मी नाही म्हणू शकले असते. जिभेवर आलंच होतं. त्यांनी माझ्याकडे इतक्या सरळ बघितलं की मी म्हणाले, "आहे काकी. उद्या घरी येते."

सकाळी गेले. काका दारासमोरच्या खाटेवर बसलेले, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. मला बघून आ असा सूर काढला, आनंदाचा. न्हाणीच्या दारावर माझ्याच टाईपातला एक कागद अजून होता. मी आधी सगळं सांगायचं ठरवलं होतं, तासभराचं, डॉक्टरांचं. पण आधी फोनच पुढे केला आणि बटण दाबलं.

त्यांचा बारीक आवाज त्या खोलीत आला. काकींनी पदर तोंडाला लावला. थोडं ऐकलं आणि पदर खाली आला. मी विचारलं, "काय म्हणतात?" मला ते कळायलाच पाहिजे होतं.

काकी फोनकडे बघतच सांगू लागल्या. "आईले बलावून राह्यले. म्हनते, याडी, माया हात मायाजवळ नाई. या बाईले सांग, म्या खेळून नाई राह्यलो."

आणि तेवढ्यात फोनमधून माझा आवाज आला. खणखणीत, खूश. काका, आत्ता जमलं. एकदा अजून करा.

काकींनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बसले, जमिनीवरच. सगळं सांगितलं, घड्याळाचं, लोकांना गप्प बसवल्याचं, डॉक्टरांशी खोटं बोलल्याचं. रडत सांगितलं, माफी मागितली. काकींचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या खाटेकडे बघत होत्या.

काका ताठ झाले होते. डाव्या हाताने त्यांनी सदरा सारखा केला, मान वर घेतली, आणि सुरू केलं. आ. आ. तोंड एका बाजूला, डावा हात उजव्याला शोधतोय, डोळ्यांत तेच. मी म्हटलं होतं ना, एकदा अजून. ते करत होते. मी फोन बंद करायला गेले तर काकींनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "करू दे त्याईले." पहिल्यांदाच त्यांनी मला अगं-तुगं केलं. जाताना एवढंच बोलल्या, "हे मायावाल्या फोनवर धाडजो."

घरी आल्यावर मी काय केलं ते सांगते, म्हणजे मी कशी आहे ते तुम्हाला कळेल. कॉम्प्युटरवर मला कापाकापी येते. मी माझा आवाज कापला. आत्ता जमलं कापलं, एकदा अजून करा कापलं, पहिलं जास्त चांगलं होतं तेही कापलं. राहिला फक्त काकांचा आवाज. तेवढा पाठवला आणि मनाला सांगितलं, त्यांना तोच तर हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकींचा फोन. "तुया आवाज कुठी गेला?"

मी म्हणाले, "तो कशाला पाहिजे काकी?"

"सोताचा आवाज आयकते अन् भेते," काकी म्हणाल्या. "तोंड भिंतीकडं करून रडते. तू म्हनल्याबिगर बोलाले सुरूच नाई करत. वाट पाहून राह्यले. पुरं धाड."

मी पूर्ण पाठवलं.

याला आता दोन महिने झाले. केळापूरच्या त्या घरात रोज सकाळी माझा आवाज लागतो आणि काका उठून बसतात. रस्त्याने जाणाऱ्यांनाही ऐकू जातो म्हणे. मागच्या आठवड्यात काकींनी फोन करून सांगितलं की आदल्या दिवशी काकांच्या तोंडून हात हा शब्द आला. अर्धा आला, पण काकींना कळला. "येऊन आयकून जा," म्हणाल्या. मी उद्या येते म्हणाले. तेव्हापासून रोज उद्याच म्हणतेय.